कानातला तोल

३ जून
नवी नोकरी, नवं गाव! आजपासून उंच क्रेनची केबिन माझी. एकशे चाळीस पायऱ्यांची शिडी चढून वर पोचलो, तर खाली माणसं मुंग्यांएवढी. मुकादम म्हणाला, वर बसणारा राजा खरा, पण खालच्यांचा जीव त्याच्या हातात. ताईला फोनवर हे ऐकवलं, तर म्हणे, राजेसाहेब, आधी जेवून घ्या.

१२ जून
सकाळी तोंड धुताना अख्खं न्हाणीघर गरगरलं. नळ धरून खाली बसलो. ओकारी झाली. उजव्या कानाला दडा बसलाय, आत शिट्टी वाजते. पित्त असेल म्हणून कामावर गेलोच.

१९ जून
तिसऱ्यांदा तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोल सांभाळणारा कानाच्या आतला भाग बिघडलाय, उंचावर चढणं बंद. मग विचारलं, झोप लागते का, मन कसं आहे? सततच्या चकरेने माणूस खचतो, खचला की चक्कर वाढते, उपचार दोन्हींवर हवेत. राग आला. कान दाखवायला गेलो होतो, डोकं नव्हे. त्यांनी दिलेली चिठ्ठी मुकादमाला दाखवली नाही. नोकरी जाईल.

२७ जून
घास उतरत नाही. सुट्टीभर खाटेवर. उठलं की जमीन सरकते. ताईचा फोन तीनदा वाजला. घेतला नाही.

४ जुलै
चक्कर नसली तरी तिची वाट बघतो. शिडीवर मध्येच थांबलो. वाटलं, हात सोडले तर निदान हे फिरणं थांबेल. आणि भीती वाटली नाही—
भीती त्याचीच वाटते.

८ जुलै, दुपार
सगळं फिरतंय. हुकाला सळ्यांचा भारा, खाली सहा जण. ब्रेक लावलाय. अक्षरांवर नजर ठेवली की जरा थांबतं, म्हणून लिहितोय—

वॉकीटॉकीवर शेवटी मुकादमाशी बोललो, "भारा कुठे आहे तेच मला कळत नाहीये. माणसं हलवा." चिठ्ठीचंही सांगितलं. वाटलं, शिव्या घालेल.

मुकादम म्हणाला, "हलवली. कशाला हात लावू नकोस. मी वर येतोय."

रडू आलं. कितीतरी दिवसांनी.

शिडीवर त्याचे बूट वाजतायत. मला खाली जायचंय. ताईशी बोलायचंय—

वारा सुटलाय. केबिन कलली. नेहमीचंच. कानातलं. नजर अक्षरांवर—

नाही. मुकादम शिडीवरून ओरडतोय, "धरून बस, क्रेन खरंच हलत—