पॅन्सीचा लसूणघास

३ फेब्रुवारी
तिकिटं काढली! चौदा तारखेला मी आणि बायको, व्हर्ना, फिनिक्सला. लेकीला मुलगी झालीय. या वेळी काहीही होवो, जायचंच. मागच्या वर्षी एका गाईच्या कासेला दगडी झाली, सडं सुजली म्हणून राहिलं, त्याआधी एक लंगडायला लागली म्हणून. गुरांच्या डॉक्टरीणबाईंच्या मते गोठा ओला असतो म्हणून. माझ्या मते नशीब. आता गाभण पॅन्सी व्याली की मी मोकळा.

५ फेब्रुवारी
डॉक्टरीण लिंडक्विस्ट आली होती. कालची पोर. म्हणे, पॅन्सी वयस्कर, त्यात जर्सी, वर अंगाने सुटलेली. विण्याआधी दूध आटवलेल्या गाईला लसूणघास कशाला? साधं वाळलं गवत घाला, नाहीतर व्याली की कॅल्शियम घसरून खाली बसेल. मी मान डोलावली. विस्कॉन्सिनच्या थंडीत गाभणीला काड्या चारायच्या! तरी आजपासून घास बंद. म्हणजे सकाळचा.

९ फेब्रुवारी
पॅन्सी गवताला तोंड लावेना. नुसती बघत राहिली. सकाळचा घास पुन्हा चालू. थोडाच. व्हर्नाने विचारलं, माझ्या जेवणाची एवढी चौकशी कधी केली होतीस? बायकांना जनावराचं मन कळत नाही.

११ फेब्रुवारी
शेजारचा रोलंड धारा काढायला तयार. म्हणाला, गाईच आहेत रे, पळून जात नाहीत, जा बिनधास्त. त्याला काय कळतंय! व्हर्नाने बॅगा भरल्या. माझीसुद्धा.

१३ फेब्रुवारी
व्याली! कालवड. घासाचीच ताकद. उद्या विमान.

१४ फेब्रुवारी, सकाळ
पॅन्सी बसलीय. कान गार, मान कुशीत, उठेना. डॉक्टरणीला फोन केला. उरलेला घास ताडपत्रीखाली झाकला. व्हर्ना कोट घालून दारात. येतोयस का? म्हटलं, मी गेलो तर ही मरेल. ती म्हणाली, ओरिन, दर वेळी कुणीतरी बसतंच. मला वाटतं, तूच बसवतोस. आणि रोलंडच्या गाडीत बसून गेली. मी काय मुद्दाम केलं?

दुपार
डॉक्टरणीने येऊन शिरेतून कॅल्शियम दिलं. थोड्या वेळाने पॅन्सीने ढेकर दिली, उठली, चालायला लागली. विमानाला अजून वेळ होता. डॉक्टरीण म्हणाली, चला, मी सोडते, रोलंड येईलच. बॅग दारातच होती. म्हटलं, आज नको, लक्ष ठेवायला हवं.

१६ फेब्रुवारी
फोटो आला. नात व्हर्नाच्या मांडीवर, डोळे थेट माझे. रडू आलं. रोलंड धारा काढतो, मी बाजूला उभा. अडकलोय नुसता. एप्रिलमध्ये नक्की जाणार. तेव्हाच दुसरी गाय, हेझल, व्यायची आहे. तिलाही गवत आवडत नाही. आज थोडा घास टाकला.