हरवलेल्या आईचं वर्णन

प्रिय ताई,

फोनवर तू माझं इतकं कौतुक केलंस की मला मध्येच 'आवाज येत नाहीये' म्हणून फोन ठेवावा लागला. आवाज स्वच्छ येत होता. आई सापडली, सुखरूप आहे, आत पांघरूण घेऊन झोपली आहे, हे सगळं खरं. पण ती मी लिहिलेल्या त्या 'हरवली आहे'च्या सूचनेमुळे सापडली असं तू धरून चाललीस आणि मी तुला थांबवलं नाही. खोटं बोलणं मला जमत नाही, पण वेळेवर गप्प बसणं मात्र छान जमतं.

त्या दिवशी बायको माहेरी गेली होती. मी पुढच्या खोलीत मुलांचे निबंध तपासत बसलो होतो. विषय होता 'आमच्या गल्लीतली सकाळ'. जवळजवळ प्रत्येक पेपरावर मी लाल शाईने 'निरीक्षण कमी पडते' असा शेरा मारत होतो, आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागून आई दार उघडून निघून गेली. मला पत्ताच नाही. चहा करायला उठलो तेव्हा दार सताड उघडं आणि उंबऱ्याजवळच्या माझ्या चपला गायब. तसाच अनवाणी पोलीस चौकीत धावलो.

चौकीतल्या पोलिसाने फोटो मागितला. अलीकडचा एकही नव्हता. माझ्या लग्नातला होता, त्यात ती हसतेय आणि अर्धी कुणाच्या तरी खांद्यामागे आहे. मग तो म्हणाला, की दोन ओळी लिहून द्या, उंची, कपडे, एखादी खूण, तेवढं पुरे. आणि ताई, मी काय केलं असेल? कागद आडवा धरून रकाने आखले! मुलांना शिकवतो तसे. काय दिसतं, काय ऐकू येतं, वास, स्पर्श, मग उपमा, शेवटी आळशी विशेषणं खोडून नेमके शब्द. पहिल्याच रकान्यात पेन अडलं. सकाळी तिने काय घातलं होतं? मी पेपरातून मान वर न करता 'उठलीस का' एवढंच विचारलं होतं. ती माझ्या खांद्याला लागते की छातीला, तेही सांगता येईना. म्हणून सरळ उपमांवर गेलो. तिथे मी आजवर कधी अडलेलो नाही.

'कापसासारख्या शुभ्र केसांचा घट्ट अंबाडा, ताठ कणा, सायीसारखा स्निग्ध स्वर आणि ओठांवर कधी न मावळणारं हसू.' आधी 'मऊ आवाज' लिहिलं होतं. ते खोडून 'स्निग्ध स्वर' केलं आणि बरं वाटलं. आई रस्त्यावर हरवलेली आणि मला एक शब्द जमला म्हणून बरं वाटलं. पोलिसाने वाचून विचारलं, की मास्तर, छान आहे, पण कपडे? मी म्हणालो, फिकट रंगाचे.

पुढचं तुला माहीत आहे. सूचना फोनवरून गावभर फिरली, तिच्या झेरॉक्स काढून मी खांबाखांबावर लावल्या. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तर ती वर्णनाचा नमुना म्हणून वर्गावर्गांत वाचायची ठरवली आहे. पण हे कुणाला माहीत नाही: बसथांब्यावर मी कागद चिकटवला, तो वाचताना एका बाईचे डोळे भरून आले, आणि मी पुढच्या खांबाकडे पळायचं सोडून तिच्याकडे बघत क्षणभर उभा राहिलो. मला आवडलं ते. शी! लिहितानाही कानशिलं तापतात.

दुपारनंतर बायकोचा फोन आला. आधी ती रडत होती, मग एकदम चिडली. अंबाडा कुठला, म्हणाली. केस विंचरू देत नाहीत, आरडाओरडा करतात, म्हणून मीच कानापर्यंत कापलेत ना त्यांचे? कापल्याला महिने झाले होते. मी रोज दोन वेळा त्या केसांसमोर बसून जेवतो. कणा म्हणशील तर ती आता कंबरेत वाकून भिंतीला धरून चालते. आवाज घोगरा झालाय. आणि हसू? आपण लहानपणी तिच्या तोंडून कधी ऐकल्या नाहीत अशा शिव्या ती मला घालते. मी लिहिली होती ती तुझ्या-माझ्या शाळेच्या दिवसांतली आई. तिला शोधायला लोक निघाले होते.

पेन घेऊन पळत सुटलो. खांबाखांबावर 'अंबाडा' खोडून 'कापलेले केस', 'ताठ' खोडून 'वाकलेली'. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरून असाच पुढे गेलो, तर त्याने मागून 'ओ मास्तर!' म्हणून हाक मारली. त्याच्या बाकावर आई बसली होती, पायांत माझ्या चपला, हातात चहाचा कप. माझा जीव भांड्यात पडला. समोरच्या खांबावरची सूचना त्याने सकाळीच वाचली होती. या कुणी दुसऱ्याच आजी असतील असं त्याला वाटलं. दुकान बंद करून तो तिला चौकीत नेणारच होता.

ताई, तू किती वेळा म्हणालीस, आईला काही दिवस माझ्याकडे पाठव. आणि मी दरवेळी ऐटीत सांगायचो, की आईला सांभाळायला मी आहे ना. ये आणि तिला घेऊन जा. का, ते फोनवर माझ्याच्याने सांगवलं नसतं. त्या माणसाला मी विचारलं, की मला ओळखलंत कसं? तो म्हणाला, आजींनीच सांगितलं. त्यांना नाव काही आठवेना, पण मुलगा याच रस्त्याने जातो म्हणाल्या. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, डावा खांदा उतरलेला आणि पिशवी त्याच खांद्याला, उजव्या खिशाला खडूचे हात पुसलेले, चालताना तोंडातल्या तोंडात बोलतो. आणि दोनदा बजावलं, की लक्ष ठेवा हं, तो इकडे बघायचा नाही, तुम्हालाच हाक मारावी लागेल.

तुझाच,
धाकटा