उलट्या शिक्क्याचं तिकीट

जबलपूर, १५ नोव्हेंबर १९७१

ती. इंदिराताईस,

शालिग्रामचा साष्टांग नमस्कार. आम्ही ठणठणीत. तुझं पित्त आणि भाऊजींचा गुडघा एकमेकांना सांभाळून घेत असतील अशी आशा आहे. (गेल्या पत्रावरून दोघांनी दुखण्याच्या पाळ्या लावलेल्या दिसल्या.)

इकडे आमच्या तोफांच्या फॅक्टरीत ओव्हरटाइम, खिडक्यांना काळे कागद, आणि आजपासून निर्वासितांच्या मदतीसाठी पत्राला पाच पैशांचं जादा तिकीट. खास तिकिटं आमच्या घराजवळच्या पोस्टात पोचलेलीच नाहीत, म्हणून कुटुंबनियोजनाच्या तिकिटांवर रबरी शिक्का मारून देताहेत. हे चार दिवसांचं वैभव! कळताच मी पोटदुखीची अर्धी रजा टाकून खिडकीशी हजर.

बाबू शिक्के मारून थकलेला. माझं तिकीट त्यानं उलटं धरलं. चित्रातलं सुखी कुटुंब सरळ उभं, शिक्का शीर्षासनात! ताई, उभ्या जन्मात असं रत्न माझ्यासमोर आलं नव्हतं. मी ओरडलोच. बाबूला वाटलं, पंडितजी रागावले.

"उल्टा लग गया. लाइए, ऊपर से सीधा मार देता हूँ."

मी खिडकीतून कोपरापर्यंत हात घालून तिकीट ओढलं, आणि हात अडकला. चांगलं सोडून बिघडलेलंच मागणारा हा माणूस काम कुठं करतो, अशी चौकशी सुरू झाली. फॅक्टरीचं नाव निघताच मागच्या एकानं हेरांचा विषय काढला. घाबरलो की मला शब्दरूपंच आठवतात (गुरुजींच्या छडीचा प्रताप), म्हणून मी 'देवः देवौ देवाः' सुरू केलं. तेव्हा रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "जाने दो भैया, पढ़ा-लिखा है बेचारा." एवढ्या संस्कृताचा हा पहिला उपयोग.

सुटलो आणि तुझी फार आठवण आली, म्हणून लगेच लिहायला बसलो. मोठ्यांपुढे वाकतो, पोरांचे गाल ओढतो.

तुझा
शालिग्राम

ता. क. ते तिकीट याच लिफाफ्यावर आहे. आजच्या तारखेचा ठसा पडला की ते माझ्या संग्रहाचा मुकुटमणी. तेव्हा लिफाफा कात्रीनं, डाव्या कडेनं उघड; हेअरपिन लावू नकोस, मागे किराणा लिहू नकोस, आणि तो तसाच परत पाठव. (स्वतःलाच पाठवला असता, पण मागे तसं केलं तेव्हा शेजारचे भय्यासाहेब प्रतिमाला एकीकडे बोलावून माझी तब्येत विचारत होते.)

ता. क. दुसरा. प्रतिमा वाचून म्हणते, "अहो, लिफाफा फाडल्याबिगर ताई हे वाचतील कशा? आत काहून लिहून राहिले?" वरून लिहावं तर लिफाफा बिघडतो, आणि पेटी उघडायची वेळ झाली. तेव्हा विनंतीत एवढीच दुरुस्ती: सापडतील तेवढे तुकडे पाठव. भाऊजींनी दात कोरायला घेतलेलासुद्धा.