दारात उभ्या कोंबड्या

प्रिय मास्तरीणबाई,

अक्षर ओळखलंस ना? तुझ्या बापाचंच आहे. माझ्यासारख्या अक्षरशत्रूला दुसरा कोण लेखनिक मिळणार! मी सांगेन तस्संच लिही, मध्ये स्वतःचं शहाणपण घालू नकोस, असं बजावलंय त्याला. माझे गुडघे बरे आहेत. म्हणजे दुखतात, पण आता मी त्यांचं ऐकत नाही.

तू वर्ग घेऊन इथे आलीस, त्याला वर्ष होईल. आपण काय खातो त्याने आपल्या अंगावर, जनावरावर आणि मागच्या ओढ्यावर काय होतं, ते पोरांना दाखवायचं होतं तुला. पोरांनी आपल्या कोंबड्यांचे पिंजरे बघितले, त्यांच्या पाण्यात कालवलेलं औषध बघितलं, ओढ्याशी जाऊन नाकं धरली. मग त्या दोन वेण्यांच्या पोरीने विचारलं, या पंख कधी पसरतात? तू तोंड उघडायच्या आत हा तुझा बाप ओरडला, की याच कोंबड्यांच्या जिवावर तुमची बाई शिकली. पोरांदेखत! खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. तू पोरांची रांग लावलीस आणि गेलीस. मी तिथेच होते गं. वाटलं, बापलेकीचं भांडण, संध्याकाळपर्यंत निवेल. कसलं निवतंय! दोघांची नाकं एकाच साच्यातली. लिही रे, गाळू नकोस. तेव्हापासून तुझं ताट फळीवर पालथंच आहे.

आता बातमी ऐक. मागच्या महिन्यात याने एका रांगेतले पिंजरे उघडले. अंगणाला जाळी लावली, दाणे टाकले. तर एकही बया बाहेर येईना! पिंजऱ्याएवढ्याच जागेत, एकमेकींना चिकटून, दारात उभ्या. हा समोर उकिडवा बसून त्यांच्या विनवण्या करतोय. मला आधी हसू आलं, मग पदर तोंडाला लावावा लागला. आठवड्याने एकीने पंख झाडले. त्या वेण्यावालीला कुणीतरी कळवायला हवं, एवढंच हा पुटपुटला.

मी जन्मात कुणाला पत्र धाडलेलं नाही, तुला ठाऊक आहे. सांगायचं असेल ते फोनवर ओरडते. आज सकाळी हा आपणहून कागद-पेन घेऊन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, आई, तुला तिला काहीतरी लिहायचं असेल ना? आता मान खाली घालून लिहितोय, आणि पेन सारखं अडतंय. कोंबड्या बाहेर आल्या गं पोरी. हा अजून दारातच उभा आहे.

तुझीच,
आजी

खालचा अंगठा माझा. बाकी सगळं त्याचं.