एकदाच मिळणारा वारसा

प्रिय क्लाइव,

आईला शेवटचा निरोप द्यायला तू दोन पहारेकऱ्यांच्या मध्ये उभा होतास, म्हणून धड बोलता आलं नाही. शेजारची बेरिल नंतर म्हणाली, "पोरगं किती वाळलंय गं." तुरुंगातलं जेवण ते, दुसरं काय होणार.

आता घराचं ऐक. नगर कौन्सिलचं हे भाड्याचं घर बाबांच्या नावावर होतं. बोटीवरच्या कामावरून परतले की दारात उभे राहून ते अख्ख्या गल्लीला ऐकवायचे, "भाडं भरत राहा, मग मेल्यावरच बाहेर काढतील." ते गेले आणि भाडेकरार आईच्या नावावर झाला. मला वाटलं, पुढे तसाच तो माझ्या नावावर होईल. मी इथेच वाढले. आई अंथरुणाला खिळल्यावर तिचं सगळं इथेच केलं.

मग कौन्सिलच्या मिस गार्थवेट आल्या. बाई भली आहे. चहा घेतला, पण कप नुसताच हातात धरून बसली. म्हणाली, "भाडेकराराचा असा वारसा एकदाच चालतो. तुमच्या आईंच्या वेळी तो वापरून झाला." मी विचारलं, "मग इतकी वर्षं मी इथे कोण होते?" खाली बघत म्हणाली, "त्यांच्यासोबत राहणाऱ्या."

कोर्टकचेरी करायचं त्राण नव्हतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, आठव्या मजल्यावर, एक खोली देतायत. पहिलं वर्ष नव्या भाडेकरूच्या परीक्षेचं. इथून बाबांना काढायचं तर कौन्सिलला कोर्टात कारण पटवावं लागलं असतं. तिथे एखाद-दुसरी तक्रारही मला भोवेल. आणि सोबत कुणाला ठेवून घ्यायचं नाही. मी सही केली. आईचा पलंग काल उचलून नेला.

सुटल्यावर राहायचा पत्ता म्हणून तू इथला दिलास, असं तुझ्या सुटकेचं बघणाऱ्या अधिकाऱ्याने फोनवर सांगितलं. मी त्याला नाही म्हटलं. नव्या खोलीचाही पत्ता दिला नाही. नियमावर ढकलता आलं असतं, पण खरं सांगते, मुभा असती तरी नाहीच म्हटलं असतं. प्यायल्यावर तुझं काय होतं ते आपल्याला दोघांनाही ठाऊक आहे. एक आरडाओरडा, एक फुटलेली काच, की मी रस्त्यावर. या वयात ते मला झेपणार नाही. तो तुझ्यासाठी बेघरांच्या निवाऱ्यात खाट शोधतोय, मिळेलच असं नाही म्हणाला. हे तुला परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून लिहिलं. सुटशील त्या दिवशी मी तुरुंगाच्या फाटकाशी येईन, आपण कुठेतरी बसून पोटभर जेवू. त्यानंतर मात्र मला एकटीला घरी जाऊ दे.

तुझी बहीण,
लिनेट