पोकळ गोल

१४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. आईचा खोकला उतरलाय, नवा चष्मा अजून यायचाय. पलीकडच्याच टेबलावर बसतोस आणि तुला पत्र लिहितेय, हसशील. पण समोर आले की माझा आवाज चढतो आणि तू फोन उचलतोस.

छापखान्याच्या समारंभात वाटायच्या स्मरणिकेचं प्रूफ बघितलं. बाबांचा फोटो झकास आलाय, कागदही छान निवडलास. शुद्धलेखनाच्या दोनच चुका आहेत, खूण केली आहे.

आता चौथं पान. 'छापखाना उभा करणारे'. बाबांना ठसठशीत काळं टिंब, तुलाही तसंच. मग तुझ्या नावाखाली, आत सरकवून, बारीक पोकळ गोल लावून मी आणि बाइंडरकाका. काकांच्या शेजारी बसायला मला कमीपणा नाही. पण आम्ही दोघं तुझ्या हाताखाली कधी होतो? बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तू शाळेत होतास. छापखाना मी चालवला.

तू म्हणालास, "टिंबच तर आहे, ताई. जागा पुरत नव्हती." आत सरकवलं की उलट जास्त जागा जाते, हे तुला मीच शिकवलंय. मला शेंड्या लावू नकोस.

आणि तू नुकताच कामाला लागला होतास तेव्हाचं दवाखान्याचं ते सूचनापत्रक विसरलास? 'उपाशीपोटी गोळी घेऊ नये' ही ओळ तू आहाराच्या मुद्द्याखाली पोकळ गोल लावून टाकली होतीस. बाबांनी पलंगावरूनच अख्खा गठ्ठा रद्दीत घालायला लावला. पोकळ गोल लोक ओलांडून जातात, असं त्यांनी तुला बजावलं. तेव्हापासून तू तसं कधी केलं नाहीस. म्हणजे ही चूक नाही, हे मला कळतं. फार लागलं रे.

काल प्रूफ आईला दाखवलं. चष्म्याशिवाय तिला अक्षर लागत नाही, ठिपके तेवढे दिसतात. तिने पानावरून बोट फिरवलं.

"हे मोठे म्हणजे तुझे बाबा आणि धाकटा. आणि हे आत ढकललेलं कोण गं?"

"कामावरचं कुणीतरी," मी म्हटलं.

समारंभाला मी येणार नाही. त्या पानावरून माझं नाव काढलंय. काकांना काळं टिंब दिलंय, तेवढं राहू दे. सोमवारपासून दुसऱ्या छापखान्यात जातेय. इथली किल्ली पाकिटात आहे.

आईचा चष्मा शुक्रवारी येईल. मग ती ते पान वाचेल आणि मला शोधेल. तिला काय सांगायचं, ते तू ठरव.

तुझी,
कामावरची कुणीतरी