पाच आणि सहाच्या मधे

ता. ३ मार्च

ती. ताई हिस,
सा. न. वि. वि.

पन्नाशीत पहिली नोकरी लागली म्हणून मागच्या पत्रात नाचले, आणि आता ती जायची पाळी आली आहे. चष्म्याच्या दुकानातली नंबर तपासायची काचांची पेटी काल माझ्या हातून सांडली. शहाणपणा करून मीच काचा ओळीने लावल्या: एक, मग १.५, मग १.२५, मग १.७५, मग दोन. पाचापेक्षा पंचवीस मोठे, नाही का? तेवढ्यात एक बसड्रायव्हर काका तपासायला बसले. मालकीणबाई नंबर वाढतो आहे असं समजून ओळीने पुढची काच लावत गेल्या, तर काका म्हणाले की मघाशी अक्षरं दिसत होती, आता पळून गेली. बाईंनी पेटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. अकरा तारखेला त्या पेटी उलटी करणार आहेत. मी एकटीने नीट लावली तर नंबर काढायला शिकवणार, नाहीतर घरी बसवणार.

ताई, दोष तुझा आहे. लहानपणी तूच मला सांगितलंस की पाच आणि सहाच्या मधे काही नसतं. तेव्हापासून मी मधे डोकावलेच नाही. तू जन्मभर शाळेत गणित शिकवलंस, आणि सहा भावंडांत मी एकटी ढ राहिले.

जाता जाता: तुझं अक्षर रेघ सोडून चाललं आहे. डोळे दाखव.

लोभ आहे त्याहून थोडा जास्त असावा.

तुझी,
भिंगरी

ता. ५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

असलं अडाणी वाक्य मी कधीही बोललेले नाही.

गच्चीतली कपड्यांची दोरी घे. शून्याचा एक चिमटा लाव, तिथून हातभर अंतरावर एकाचा, पुढे तेवढ्याच अंतरावर दोनाचा. एक आणि दोनच्या बरोब्बर मधे लागेल तो दीड. एक आणि दीडच्या मधे सव्वा, दीड आणि दोनच्या मधे पावणेदोन. तू सव्वाला जेवतेस आणि दीडला लवंडतेस. कधी आधी लवंडून मग जेवलीस का? १.२५ म्हणजे तो सव्वा आणि १.५ म्हणजे तो दीड. पॉइंटपुढचे पाच हे दहातले पाच, म्हणजे शंभरातले पन्नास. १.५० असं लिही, पंचवीस आपोआप गप्प बसतील.

आता सव्वा आणि दीडच्या मधे चिमटा लाव. मग त्याच्या आणि दीडच्या मधे आणखी एक. जागा संपली असं वाटलं तर चिमटे जाड आहेत असं समज. जागा संपत नसते. दोरी शून्याच्या अलीकडेही असते, तिथे उणे. तिथे सगळं आरशातल्यासारखं.

माझे डोळे ठणठणीत आहेत.

लोभ आहेच, अभ्यास वाढवावा.

ताई

ता. साडेअकरा मार्च (अकरा तारीख निम्मी संपली आहे)

ती. ताई हिस,
सा. न. वि. वि.

जिंकले! दुकानाच्या मागच्या खोलीतून लिहिते आहे.

आधी दोरीचं सांगते. शून्य, एक आणि दोनचे तीन सोडून घरातले बाकीचे चाळीसच्या चाळीस चिमटे मी एक आणि दोनच्या मधेच लावले. ह्यांची पँट बिनचिमट्याची राहिली, ती वाऱ्याने उडाली आणि समोरच्या छपरावर जाऊन बसली. ह्यांनी शांतपणे विचारलं की माझी पँट सध्या कुठल्या दोन अंकांच्या मधे आहे. मग तेही नादाला लागले. त्यांचा चौकोनी रुमाल बरोब्बर हातभर आहे. तो शून्यापासून, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका दोरीला लावला, तर टोक दीडाच्या अलीकडेच थांबलं! १.४ कमी पडतं, १.४२ जास्त होतं. भिंग घेऊन जेवणाची वेळ टळेपर्यंत आम्ही त्याच्या मागे होतो. ते नेमकं आहे तरी किती?

आज बाईंनी पेटी उलटी केली. मी डोळे मिटून दोरी आठवली आणि पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड म्हणत फटाफट काचा लावल्या. तर त्यांनी गुपचूप लाल कडेच्या उणे काचाही ओतल्या! मी शून्याच्या चिमट्यापासून उलटी चालत गेले. उणे सव्वा आधी भेटला, उणे दीड त्याच्याही पलीकडे. बाई म्हणाल्या की सोमवारपासून खुर्चीशी उभी राहा. मी गिरकी घेतली, दोन फ्रेमा पडल्या, एकही मोडली नाही.

आणि ते वाक्य तूच बोलली होतीस. आठव.

लोभ आहे त्याच्या सव्वापट असावा.

तुझी,
भिंगरी

ता. १४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अभिनंदन. हा शब्द मी वर्गात वर्षातून एकदाच वापरत असे.

रुमालाच्या टोकाला दोरीवर ठरलेली जागा आहे, पण तिचे आकडे लिहून संपत नाहीत. नुसत्या अपूर्णांकांनी दोरी भरत नाही. मेहुण्यांना जेवू घाल आणि पँट उतरवून आण.

आता ते वाक्य. दोन दिवस आठवलं नाही, काल कप पुसताना आठवलं. मी कॉलेजसाठी घर सोडून निघाले होते आणि तू माझ्या ट्रंकेवर बसून राहिली होतीस. आता आपल्या मधे केवढं अंतर पडणार म्हणून रडत होतीस. भावंडांत मी पाचवी, तू सहावी. गाडीची वेळ झाली होती, म्हणून तुला उठवायला मी म्हटलं की पाच आणि सहाच्या मधे काही नसतं. तू ते गणित समजलीस.

गणित म्हणून ते चूक होतं. तेवढंच चूक होतं.

सोमवारी सकाळच्या गाडीने येते आहे. नंबर तूच काढायचा. हे पत्र मी दोनदा रेघेवरून घसरून लिहिलं आहे, हसू नये.

लोभ आहे, तो मोजत बसू नये.

तुझी,
पाचवी